ऑफिसचा प्रिंटर लॅनवर लावायचाय? मग आधी त्याचा आयपी फिक्स करा

छोट्या ऑफिसात, म्हणजे सीएचं ऑफिस, क्लिनिक, क्लासेस, पतसंस्थेची शाखा अशा ठिकाणी, प्रिंटर बऱ्याचदा एका कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला असतो आणि बाकीचे शेअरिंगवरून प्रिंट देतात. मग तो कॉम्प्युटर बंद असला की सगळ्यांचं काम अडतं, आणि रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात हे झालं की डोक्याला ताप होतो. प्रिंटरच्या मागे लॅनचा (म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या केबलचा) पोर्ट असेल तर कृपा करून तो वापरा. कधीकधी त्यावर स्टिकर किंवा रबरी झाकण असतं म्हणून दिसत नाही, नीट बघा. फॅक्सवाल्या मशीनला शेजारी टेलिफोनचा छोटा पोर्ट पण असतो, तो नव्हे.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ कुठलीही चालेल. सलग १०० मीटरपर्यंत अडचण नाही आणि नुसत्या प्रिंटसाठी १०० एमबीपीएसचा स्पीड भरपूर होतो, त्यामुळे महागडी केबल घ्यायची गरज नाही. एक टोक प्रिंटरला, दुसरं राउटरच्या किंवा स्विचच्या लॅन पोर्टला. प्रिंटर चालू केला की पोर्टजवळचे छोटे लाइट बघायचे, तिथे नसतील तर स्विचवर असतात. लाइट लागलाच नाही तर सेटिंगमध्ये जाऊच नका, आधी दुसरी केबल लावून बघा, कारण बहुतेक वेळा क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला पिन बसवलेली जागा) ढिलं असतं किंवा टेबलाखाली केबल खुर्चीच्या चाकाने चेपलेली असते. आणि प्रिंटर आधी वायफायवर असेल तर ते बंद करा, बऱ्याच मॉडेलमध्ये वायफाय आणि केबल एका वेळी एकच चालतं.

आता प्रिंटरला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, कुठला मिळालाय ते बघायचं. स्क्रीन असेल तर नेटवर्कच्या मेनूत दिसतो, नाहीतर रिपोर्ट्समधून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान प्रिंट करा (स्क्रीन नसलेल्या मशीनला कुठलंतरी बटण दाबून धरावं लागतं, मॉडेलप्रमाणे वेगळं आहे, मॅन्युअल बघा). त्या पानावर दोन गोष्टी शोधा, आयपी अॅड्रेस आणि मॅक अॅड्रेस (मशीनला कंपनीतूनच मिळालेला ओळख क्रमांक). आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ राउटरने नंबर दिलेलाच नाही, प्रिंटरने स्वतःच काहीतरी घेतलाय, म्हणजे परत केबल नाहीतर राउटर तपासा.

इथपर्यंत सगळे नीट करतात आणि इथेच थांबतात, आणि मग महिन्याभराने "प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय" म्हणून फोनाफोनी सुरू होते. कारण राउटर हे नंबर ठरावीक मुदतीसाठी देतो, प्रिंटर सुट्टीत दोनतीन दिवस बंद राहिला किंवा लाइट जाऊन राउटर रीस्टार्ट झाला की नवीन नंबर मिळू शकतो, आणि कॉम्प्युटर मात्र जुन्याच नंबरवर प्रिंट पाठवत बसतो. म्हणून नंबर कायमचा करून टाकायचा. चांगला मार्ग म्हणजे राउटरमध्ये लॉगिन करून डीएचसीपीच्या (आपोआप आयपी वाटायच्या) सेटिंगमध्ये अॅड्रेस रिझर्व्हेशन शोधा, तिथे प्रिंटरचा मॅक अॅड्रेस आणि हवा तो आयपी टाका, समजा १९२.१६८.१.५०, सेव्ह करा आणि प्रिंटर एकदा बंद करून चालू करा. राउटरचा पासवर्ड मिळत नसेल तर प्रिंटरमध्येच मॅन्युअल आयपी टाकता येतो, सबनेट मास्क शक्यतो २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे राउटरचा आयपी. पण मग राउटर जी रेंज वाटतो त्याच्या बाहेरचा नंबर निवडा, उदा. तो शेवटचा आकडा १०० ते २०० असलेले नंबर वाटत असेल तर ५० घ्या, नाहीतर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलला तोच नंबर जाईल आणि दोघंही अडकतील.

मग एका कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग (ping) आणि पुढे तो आयपी टाइप करा. रिप्लाय आला की नेटवर्कचं काम झालं. तोच आयपी ब्राउझरमध्ये टाकला की बहुतेक प्रिंटरचं स्वतःचं सेटिंगचं पेज उघडतं, तिथला अॅडमिन पासवर्ड लगेच बदला, हे खरंच टाळू नका, नाहीतर ऑफिसच्या नेटवर्कवरचा कुणीही येऊन सेटिंग बदलू शकतो.

रिप्लाय नाही आला तर राउटर दोन आहेत का बघा. आपल्याकडे हे फार दिसतं, फायबरवाल्याने दिलेला एक डबा आणि त्याला जोडलेला ऑफिसचा जुना राउटर, प्रिंटर एकावर आणि कॉम्प्युटर दुसऱ्यावर, एकाची रेंज १९२.१६८.१ आणि दुसऱ्याची १९२.१६८.०. अशा वेळी दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका (मग तो स्वतः नंबर वाटत नाही) म्हणजे सगळे एकाच रेंजमध्ये येतात. लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल तरी प्रिंटर दिसणार नाही.

विंडोजमध्ये जोडताना प्रिंटर आपोआप यादीत दिसतो आणि सगळे त्यावरच क्लिक करतात, पण तो बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर (हा विंडोजमधला जोडणीचा पोर्ट, मागचा केबलचा नव्हे) जोडला जातो आणि त्या पोर्टवर चालू असलेला प्रिंटरसुद्धा मधेच ऑफलाइन दिसायला लागतो. त्यापेक्षा आधी कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, मग सेटिंग्ज, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, अॅड डिव्हाइस, थोडं थांबलं की अॅड मॅन्युअली येतं, त्यात आयपी अॅड्रेसवाला पर्याय निवडा आणि डिव्हाइस टाइपमध्ये ऑटोडिटेक्ट न ठेवता टीसीपी/आयपी डिव्हाइस घ्या, मग आयपी टाका. पोर्ट नंबर ९१०० आपोआप येतो, तो तसाच राहू द्या. टेस्ट पेज काढा आणि कागद ए४ आहे का ते प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये बघा, तिथे लेटर राहिलं तर मशीन दुसरा कागद मागत उभं राहतं. डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवायचा असा जो पर्याय असतो तोही बंद करा.

एवढं करूनही पिंग नीट लागतंय आणि प्रिंटर ऑफलाइन दिसतोय, तर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्टमध्ये जाऊन एसएनएमपी स्टेटसची (विंडोजने प्रिंटरची स्थिती विचारत राहायची) टिक काढा. आणि जॉब अडकून बसला असेल तर सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) रीस्टार्ट करा.

लेझर प्रिंटर असेल तर तो कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू नका, फ्यूजर (टोनर कागदावर पक्का करणारा भाग) गरम होताना एकदम जास्त करंट खेचतो आणि छोटा यूपीएस ट्रिप होतो, म्हणजे न सेव्ह केलेलं सगळं काम गेलं. राउटर आणि स्विच मात्र यूपीएसवर जरूर ठेवा.

शेवटी एका पट्टीवर आयपी आणि मॅक अॅड्रेस लिहून प्रिंटरच्या बाजूला चिकटवा. इंटरनेटवाला राउटर बदलून गेला की रिझर्व्हेशन उडतं आणि कधीकधी रेंजच बदलते, त्या दिवशी तुम्ही ऑफिसात नसलात तरी ज्याला काम करायचंय त्याला ती पट्टी वाचून नवीन राउटरमध्ये तोच नंबर परत टाकता येईल, आणि रेंज बदललेली असेल तर नवीन नंबर ठरवून प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये तेवढा बदलावा लागेल.