वाढत्या मुलांचे वजन : या चुका टाळा

कोल्हापुरात मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की घरातल्या मोठ्यांना त्याच्या खुराकाची काळजी लागते आणि मुलगी त्या वयाची झाली की तिच्या ताटावर नजर ठेवली जाते. दोन्ही ठिकाणी निर्णय वजनकाट्यावरचा आकडा पाहून होतो आणि मुख्य चूक तीच आहे, कारण या वयात वजन उंचीशी ताडून पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. समजा, तेरा वर्षांच्या मुलाची उंची 150 सेंटिमीटर आणि वजन 52 किलो आहे. त्याचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 23.1 येतो, जो या वयासाठी जास्त आहे. पुढच्या दीड-दोन वर्षांत वजन तेवढेच राहून उंची 160 सेंटिमीटर झाली, तर एक किलोही न घटवता तो 20.3 वर येतो. म्हणूनच उंची अजून वाढत असलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत वजन उतरवण्यापेक्षा त्याची वाढ रोखून धरणे हे अधिक शहाणपणाचे असते. मोठ्या माणसांचा बीएमआय तक्ता मात्र मुलांना लावू नये. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने 5 ते 18 वर्षांच्या मुलामुलींसाठी 2015 मध्ये स्वतंत्र तक्ते दिले आहेत, आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून वर्षातून दोनदा त्यावर नोंद करून घेतली तरी पुरते.

मुलींच्या बाबतीत घाई अधिक होते. पाळी सुरू होण्याच्या आगेमागे मांड्या आणि नितंबांवर थोडी चरबी साठणे हा वाढीचाच भाग आहे, परंतु तेवढ्यावरून भाकरी बंद होते आणि चहा-बिस्किटे मात्र चालू राहतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 19 वयोगटातल्या सुमारे 59 टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या होत्या. अशा वेळी पालेभाजी, मटकी आणि भाकरी कमी करणे म्हणजे लोहाची उरलीसुरली वाटही बंद करणे. चहातील टॅनिनमुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही, म्हणून जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे आणि उसळीवर लिंबू पिळावे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी उपाशीपोटी मळमळते म्हणून फेकून देणाऱ्या मुली कमी नाहीत; ती जेवणानंतर घेतल्यास त्रास बराच कमी होतो.

मुलांच्या खुराकाबद्दल बोलताना तालमीचा दाखला हमखास दिला जातो. तालमीतला पैलवान सकाळ-संध्याकाळ जोर-बैठका आणि लढती करून ते दूध, तूप, बदाम जिरवतो. दुचाकीवर मागे बसून क्लासला जाणाऱ्या मुलाला त्याच्या थंडाईचा हिशेब लागू होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार 13 ते 15 वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे 45 ग्रॅम प्रथिने लागतात. दोन अंडी, दोन पेले दूध, वाटीभर उसळ, आमटी आणि तीन-चार भाकऱ्या यांत ती सहज भागतात, त्यामुळे प्रोटीन पावडरचा डबा आणण्याचे कारण उरत नाही. याउलट वजन वाढले म्हणून दूधच बंद करणेही चुकीचे आहे. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो हे खरे, पण त्यावर साय काढणे हा उपाय आहे. या वयात दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, आणि आजरा-चंदगडकडच्या नाचणीची आंबील त्याला चांगला हातभार लावते. दूधकट्ट्यावर समोरच काढून मिळणारे धारोष्ण दूध कितीही ताजे असले तरी न उकळता देऊ नये, कारण त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात.

रविवारच्या मिसळीला उगाच बदनाम केले जाते. तिच्यातली मटकी उत्तमच आहे; कट पुन्हा पुन्हा मागवून घेणे आणि सोबत पाव वाढवत नेणे एवढेच आवरावे. खरा घोटाळा क्लास सुटल्यावर होतो. शीतपेयाच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम साखर असते, आणि ती पातळ स्वरूपात पोटात गेल्याने भूकही भागत नाही. साखरेऐवजी गूळ वापरला की वजन वाढत नाही, ही समजूत गुळाच्याच जिल्ह्यात खोडून काढणे थोडे धाडसाचे आहे, परंतु उष्मांकांच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नाही. सकाळची न्याहारी चुकवून रात्री उशिरा पोटभर जेवणे आणि आठ तासांपेक्षा कमी झोपणे यांनीही वजन वाढते.

मानेवर किंवा काखेत काळपट, जाडसर पट्टा दिसला तर मळ समजून घासत बसू नये. अनेकदा ते इन्शुलिनला शरीर दाद देत नसल्याचे लक्षण असते. वजन वाढत असूनही उंची थांबली असेल, तर थायरॉईडसारख्या संप्रेरकांची तपासणी करावी लागते, कारण केवळ जास्त खाण्याने स्थूल झालेली मुले सहसा वयाच्या मानाने उंचच असतात. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, वजन झपाट्याने उतरले किंवा मूल जेवण लपवू लागले, तर आहाराचे प्रयोग तिथेच थांबवून वाढीच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावे.