स्पॅनिशमधलं 'मले आवडन': गुस्तारीया कसं वापरायचं

स्पॅनिश शिकून राहिलेल्या आपल्या इकडच्या पोट्ट्यांना पहिले एकच सांगतो, गुस्तार (आवडणे) हे क्रियापद इंग्रजीतून समजून घेऊ नका, डोकं उगाच फिरते. ॲप असो की ऑनलाइन क्लास, सगळं इंग्रजीतून चालते अन् इंग्रजीत आवडणारा माणूसच कर्ता असते, म्हणून त्यांना पानंच्या पानं समजावत बसावं लागते की बाबा स्पॅनिशमध्ये कर्ता ती वस्तू आहे, माणूस नाही. आपल्याले हे नव्यानं काय शिकायचं? 'मले संत्रा आवडते, मले संत्रे आवडतात', क्रियापद संत्र्यामागं धावते, माझ्यामागं नाही. स्पॅनिशमध्ये हेच, मे गुस्ता ला नारांखा, मे गुस्तान लास नारांखास.

अन् वऱ्हाडी बोलणाऱ्याले तर अजूनच सोपं. मले म्हणजे मे, तुले म्हणजे ते, त्याले-तिले म्हणजे ले (साहेबाले 'तुमाले' म्हणायचं असलं तरी ले), आमाले म्हणजे नोस, त्याईले म्हणजे लेस. स्पेनमध्ये दोस्तांच्या घोळक्याले ओस म्हणतात, पण मेक्सिको-कोलंबियाकडे तिथंही लेसवरच भागते. ले चा हा नुसता योगायोग आहे, पण पाठ करायले कामी येते.

आता 'आवडन' कसं बनवायचं ते. इतर बहुतेक काळांत क्रियापदाचं शेपूट कापून नवीन लावावं लागते, इथं कापायचं काहीच नाही. पूर्ण गुस्तार ठेवायचं अन् पुढं ईया जोडायचं, झालं गुस्तारीया. वस्तू अनेक असल्या तर गुस्तारीयान. बाकी क्रियापदांना ईया, ईयास, ईया, ईयामोस, ईयाइस, ईयान असे सहा प्रत्यय लागतात (आर, एर, ईर तिन्ही गटांना तेच), पण गुस्तारचं काम रोजच्या बोलण्यात दोनच रूपांवर चालते. जोर 'री' वर द्यायचा, अन् लिहिताना त्या आय अक्षरावर टिंबाऐवजी तिरपी रेघ येते, मोबाईलवर ते अक्षर दाबून धरलं की सापडते. परीक्षेत ती रेघ विसरली की मार्क जातात. उच्चारात 'त' आपलाच साधा त, टेबलचा ट नाही, तिथं आपण इंग्रजीवाल्यांपेक्षा पुढं आहोत.

पूर्ण क्रियापद ठेवायचं हे का लक्षात ठेवायचं, तर कोमेर (खाणे) याचं कोमीया म्हणजे 'खात होतो' अन् कोमेरीया म्हणजे 'खाईन, खाल्लं असतं', दोन्हीत ईया आहे, मधलं एर गेलं की काळच बदलते.

एकवचन-अनेकवचनात लय जण घसरतात. 'मले दोन गायी घ्यायले आवडन' याचं मे गुस्तारीया कोंप्रार दोस बाकास, एकवचनच, कारण आवडते आहे ते 'घेणं', गायी नाही. पण 'मले त्या गायी आवडतीन' म्हटलं तर मे गुस्तारीयान एसास बाकास. मराठीत बोलून पाहा, आवडन येते की आवडतीन, तेच स्पॅनिशमध्ये टाका, चुकणार नाही.

नाव घेतलं तरी ले सोडायचा नाही, हे मात्र आपल्यात नाही. 'माझ्या बापाले कपाशी पेरायले आवडन' हे आ मि पाद्रे ले गुस्तारीया सेंब्रार आल्गोदोन असं होते, म्हणजे 'बापाले त्याले आवडन' असं दोनदा. कानाले विचित्र वाटते, पण ते ले गाळलं की वाक्य लंगडं.

कधी वापरायचं? मे गुस्ता एल काफे म्हणजे कॉफी आवडते, कायमची गोष्ट. मे गुस्तारीया उन काफे म्हणजे आत्ता एक कॉफी भेटली तर बरं. मात्र स्पेनच्या साध्या हॉटेलात कोणी एवढं सजवून बोलत नाही, मे पोने उन काफे, पोर फाबोर म्हणून मोकळे होतात. गुस्तारीया खरं शोभते ते इंटरव्ह्यूत अन् कस्टमरसोबत. मे गुस्तारीया त्राबाखार कोन उस्तेदेस, मले तुमच्यासोबत काम करायले आवडन. फोनवर कस्टमर असला तर ले गुस्तारीया रेसिबिर ला फाक्तुरा पोर कोर्रेओ? बिल मेलवर पाठवू का. तिथं ले ऐवजी 'ते' (तुले) म्हटलं तर साहेबाले अरे-तुरे केल्यासारखं होते.

आता जर-तर, इथं मराठी दगा देते. आपण म्हणतो 'विहिरीले पाणी असतं तर मी संत्रा लावला असता', दोन्हीकडे तेच असतं-असता, म्हणून पोट्टे स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे ईया लावतात, सि तेंद्रीया आग्वा... (सि म्हणजे जर, तेंद्रीया हे तेनेर म्हणजे 'जवळ असणे' याचं ईयावालं रूप, आग्वा म्हणजे पाणी). तसं नाही. 'सि' च्या बाजूले तेनेरचंच वेगळं रूप तुबिएरा, दुसऱ्या बाजूले ईया: सि तुबिएरा आग्वा एन एल पोसो, मे गुस्तारीया प्लांतार नारांखोस. (झाड नारांखो, फळ नारांखा.) उत्तर स्पेनमध्ये, नाबार्रा अन् बास्क भागात, तिथले लोकही बोलताना सि तेंद्रीया म्हणतात, पण पेपर तपासणारा ते मान्य करत नाही, म्हणून आपण नाही म्हणायचं.

वेळ निघून गेली असली तर मे आब्रीया गुस्तादो ईर, 'जायले आवडलं असतं'. मे उबिएरा गुस्तादो पण तितकंच चालते. लग्नाले न जाता आल्यावर हेच पाठवा. अन् आवडणारा एक, काम करणारा दुसरा असला की नुसतं मूळ क्रियापद पुरत नाही, मधात के घालून पुन्हा ते तुबिएरासारखं रूप येते: मे गुस्तारीया के बिनिएरास, तू आला तर मले आवडन.

गुस्तारीया जमलं की बाकीही याच मापानं बनवा, फक्त काही क्रियापदं मुळातच वाकतात. पोदेरचं पोद्रीया (करू शकेन), तेनेरचं तेंद्रीया, आसेरचं आरीया, देसिरचं दिरीया, सालिरचं साल्द्रीया. अशी एकूण डझनभरच आहेत अन् भविष्यकाळात पण हीच वाकडी रूपं चालतात, एकदा पाठ केली की दोन काळ सुटतात.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना एक पाहून ठेवा. आपण म्हणतो, 'भाऊ म्हणाला की मले पुण्याले यायले आवडन', यातलं मले भावाचं, आवडन पण त्यानं म्हटलं तसंच ठेवलं. स्पॅनिशमध्ये मि एर्मानो दिखो के ले गुस्तारीया बेनीर आ पुणे, इथं ले पाहिजे. मे ठेवला तर ऐकणारा समजते की यायची हौस भावाले नाही, तुम्हालेच आहे.