कमी धुराची चूल कशी निवडावी: आधी सरपण बघा, मग दुकान

“सगळ्यात कमी धूर कुठल्या चुलीचा?” असं विचारत दुकानात गेलं की दुकानदार जी चूल खपत नाही ती पुढे करतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘निर्धूर’ लिहिलेलं असतं आणि त्याच्याच खाली ‘लाकूड, गोवऱ्या, कोळसा, पाला, काहीही जाळा’. ही दोन वाक्यं एकाच खोक्यावर दिसली तर ते खोकं खाली ठेवा. काहीही जाळून धूर न करणारी चूल अजून कोणी बनवलेली नाही. गावोगावच्या बायकांबरोबर बसून नव्या चुली पेटवणं हे माझं नेहमीचं काम आहे, त्यामुळे माहितीपत्रकांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. चूल ठरते ती तुमच्या परसातल्या सरपणावर आणि तुमच्या भाकरीवर.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. घरात गॅस असेल आणि परवडत असेल तर रोजचा स्वयंपाक गॅसवरच करा. चांगल्यातली चांगली लाकडाची चूलही स्वच्छतेत गॅसच्या जवळपास जात नाही. पण अंघोळीचं पाणी, भाकरी, शेतावरचा मुक्काम, सणावाराचा मोठा स्वयंपाक यासाठी चूल लागते, आणि सिलिंडर पुरवून पुरवून वापरावा लागतो, हेही खरंच आहे. पुढचं सगळं अशा घरांसाठी.

धूर का होतो

लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग असा वायुरूपाने बाहेर पडतो. त्याला पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर ज्योत होते, नाही मिळाली तर धूर होतो. तीन दगडांच्या चुलीत ज्योत उघड्यावर गार पडते, हवा नको तिथून येते आणि भांड्याला जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता मिळते. बाकीची स्वयंपाकघराला आणि रांधणारीच्या तोंडाला.

बाजारात मिळतात ते प्रकार

बिनपंख्याची, ‘एल’ आकाराची, उभ्या नळीची चूल, जिला रॉकेट चूल म्हणतात. आडव्या तोंडातून काटक्या सरकवायच्या, त्यांच्या खालच्या फटीतून हवा जाते.

पंख्याची चूल. बॅटरीवरचा छोटा पंखा वरच्या भोकांतून हवा मारतो आणि निघालेला वायू तिथेच जळतो. सगळ्यात कमी धूर हिचा, पण नखरेही हिचेच सगळ्यात जास्त.

वरून पेटवायची चूल. डबा सरपणाने भरायचा, माथ्यावर आग लावायची आणि ती खाली सरकू द्यायची. एकदा भरली की मध्येच लाकूड घालायची सोय नाही. दहा माणसांच्या घरात ही घेऊ नका.

चौथी, जागेवर बांधायची, दोन भांड्यांची, धुराड्याची चूल. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची लक्ष्मी चूल या जातीची. चुलीची जागा कायमची ठरलेली असेल आणि वैलावर, म्हणजे चुलीच्या दुसऱ्या तोंडावर, डाळ शिजत ठेवायची सवय असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही.

सरपण मोजा

वर्षभराचं बघा. आज अंगणात काय पडलंय एवढंच बघून ठरवू नका.

बाभूळ, सुबाभूळ, कडुलिंब यांच्या फांद्या आणि काटक्या असतील तर रॉकेट चूल घ्या आणि निश्चिंत व्हा. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळलेली झाडं, भरपूर असतात. त्या भसाभस जळतात, चुलीपासून उठू देत नाहीत. त्यांना रुंद तोंडाची चूल हवी, किंवा बोटभर तुकडे करायची तयारी असेल तर पंख्याची. कोकणात करवंट्या उत्तम जळतात. नारळाची सोडणं (वरची सालं) आणि झावळ्या मात्र बंबात घाला, रॉकेट चुलीचं तोंड त्यांनी चोंदतं. लाकडाचा भुसा फुकट मिळत असेल तर जुनी भुशाची शेगडीच बरी: मधे नळी धरून भुसा ठासायचा, नळी काढायची आणि त्या भोकातून पेटवायचं.

गोवऱ्यांबद्दल मी कोणालाच खूश करू शकत नाही. त्या धुमसतात, राख ढीगभर करतात आणि लहान तोंडाच्या चुलीत हवा अडवून बसतात. गोवऱ्याच जाळायच्या असतील तर मोठ्या जाळीची, राखेला खाली भरपूर जागा असलेली चूल घ्या, ती पडवीत किंवा अंगणात ठेवा, आणि ‘कमी धुराची’ म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका.

प्लायवूड, रंग दिलेलं लाकूड, प्लास्टिक: कुठल्याच चुलीत नाही, पेटवणापुरतंही नाही.

आकडे बघा, पण त्यांच्यापुढे हात जोडू नका

हलवता येणाऱ्या चुलींसाठी भारतीय मानक ब्यूरोचं मानक आहे, आयएस १३१५२ (भाग १) : २०१३. त्यानुसार बिनपंख्याच्या चुलीने किमान २५ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे, पंख्याच्या चुलीने ३५ टक्के. भांड्याला पोचलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे धुराचे कण बिनपंख्याच्या चुलीत ३५० मिलिग्रॅमच्या आत आणि पंख्याच्या चुलीत १५० मिलिग्रॅमच्या आत हवेत. कार्बन मोनॉक्साइड दोन्हींत ५ ग्रॅमच्या आत. चुलीवर हा क्रमांक नसेल तर पुढे बोलायचं कारण नाही.

पण ही चाचणी ठरावीक मापाच्या, वाळवलेल्या तुकड्यांवर होते. तुमच्याकडे मात्र कुऱ्हाडीने फोडलेली, श्रावणात भिजलेली ढलपी असते. त्यासाठीच पुढची पायरी.

पेटवून बघा: इथे घाई नको

चूल निवडताना लोक सगळ्यात जास्त चुका इथे करतात. मलाही सगळ्यात जास्त वेळ हीच पायरी नीट बसवायला लागला, कारण दुकानातल्या चाचणीत प्रत्येक चूल चांगलीच जळते. दुकानदार सुकी, हातभर लांब, एकसारखी लाकडं घालतो, वर पातेलंभर पाणी ठेवतो आणि पंधरा मिनिटांत उकळी दाखवतो. मोठ्या आचेवर पाणी उकळणं ही परीक्षाच नव्हे.

स्वतःचं सरपण पोत्यात भरून न्या. स्वतःचा तवा न्या. आणि जी रोज चूल पेटवते तिला न्या. एकदा एका गृहस्थांनी मला चुलीबद्दल बारीकसारीक सगळं विचारलं, भाव केला, पैसे काढले. त्यांच्या बायको मागे उभ्या होत्या. मी म्हटलं, “दादा, विचारताय तुम्ही, पण रांधणार कोण? वहिनींना जरा पुढे येऊ द्या.” वहिनी पुढे आल्या, चुलीसमोर बसल्या आणि एका वाक्यात निकाल दिला: “ही उंच आहे, पिठलं ढवळताना खांदा जाईल.” माहितीपत्रकात हे कुठेच नव्हतं.

न्यायच्या आधी सरपण किती वाळलंय ते बघा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर वाळलेली, थप्प आला तर ओली. खात्री करायची असेल तर एक ढलपी तोलून उन्हात टाका आणि रोज तोला. वजन उतरायचं थांबलं की ती वाळली. ओलाव्याचं मीटर मिळालं तर काटा २० टक्क्यांच्या खाली हवा. ओल्या लाकडात चुलीचा काही दोष नसतो: गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट त्याची वाफ करायला लागते. ती सगळी आगीतूनच जाते, मग ज्योत गार पडते आणि धूर सुटतो. म्हणून सरपण मिरगाच्या आधी छपराखाली गेलं पाहिजे. ते जमत नसेल तर महागडी चूल घेऊ नका, त्या पैशांत आधी पत्र्याचं छप्पर घाला. हे ऐकून लोक हसतात, पण धूर त्यानेच जास्त कमी होतो.

आता चूल पेटवा. पेटवताना पाच-सात मिनिटं धूर होणारच, तो मोजू नका. नंतर तीन वेळा बघा.

पहिली वेळ, नवीन लाकूड घालताना. दोन काटक्या सरकवल्यावर धुराचा लोट उठून मिनिटभरात विरला तर ठीक. फुंकणी हातात घ्यावी लागली तर चूल नापास. एकदा पेटलेल्या चुलीला फुंकणी लागता कामा नये.

दुसरी वेळ, आच कमी केल्यावर. भात मुरवायचा, आमटी मंद ठेवायची म्हणून लाकडं मागे ओढा. बऱ्याच चुली मोठ्या आचेवर साध्वी असतात आणि मंद आचेवर धुमसायला लागतात. आपला निम्मा स्वयंपाक मंद आचेवरचा, म्हणजे फसगत इथेच होते. पंख्याच्या चुलीत पंख्याचा वेग कमी करून बघा. वेग कमी-जास्त करायची सोयच नसेल तर सोडून द्या.

तिसरी वेळ, भाकरी. रॉकेट चुलीची ज्योत मधोमध येते. पातळ तवा ठेवलात तर भाकरी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. जाड लोखंडी तवा किंवा मातीची खापरी ठेवून पुन्हा करा. तरीही कडा कच्च्या राहिल्या तर त्या चुलीची नळी तुमच्या तव्याला अरुंद आहे. मग भाकरी फुगवायची कुठे? मातीच्या चुलीत आहार, म्हणजे धगधगत्या निखाऱ्यांचा ढीग, पुढे ओढून त्याच्याशी भाकरी उभी करता येते, पत्र्याच्या चुलीत ती जागाच नसते. काही चुलींना तोंडापुढे लोखंडी पट्टी असते, तिच्यावर निखारे ओढून घेता येतात. मी ती पट्टी आधी बघते, आकडे नंतर. ज्या घरात दोन्ही वेळा भाकरी होते तिथे फुगवायची सोय नसलेली चूल महिनाभरात कोपऱ्यात जाते आणि जुनी तीन दगडांची परत पेटते. मग कागदावरचा कमी धूर कोणाच्या उपयोगाचा?

भाकरी झाल्यावर तव्याच्या बुडावरून बोट फिरवा. कोरडी, झटकली की उडणारी काजळी चालेल. डांबरासारखा चिकट, चकाकणारा थर आला असेल तर ज्वलन अर्धवट आहे: एकतर लाकूड ओलं, नाहीतर चूल वाईट. लाकूड तुम्ही आधीच तपासलंय, म्हणजे दोष कुणाचा ते कळलं.

जाता जाता भरलेलं मोठं पातेलं ठेवून जोरात ढवळा. चूल डुगडुगली तर घेऊ नका, विशेषतः घरात रांगतं मूल असेल तर. उंची जास्त वाटली तर चूल थोडी जमिनीत बसवून भोवती मातीचा ओटा करता येतो, फक्त खालची हवेची भोकं लिंपून टाकू नका. तेवढं एक हमखास होतं.

लाकूड किती बारीक फोडावं लागतंय हेही याच वेळी कळतं. अंगठ्याएवढी जाडी रॉकेट चुलीला पुरते. पंख्याच्या चुलीला बोटभर तुकडे लागतात, आणि ते रोज कोण करणार ते घरी जाण्याआधी ठरवा. उत्तर ‘बघू’ असेल तर पंख्याची चूल घेऊ नका.

धुराडं

धुराडं धूर कमी करत नाही, तुमच्या घरातून शेजारच्याच्या घरात पाठवतं. म्हणून आधी नीट जळणारी चूल, मग धुराडं. पाइप सरळ वर न्या, वळणं नकोत, आढ्याच्या वर दोन फूट काढा, टोपी बसवा. महिन्यातून एकदा आतली काजळी काढा. १९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी धुराडं चोंदल्यावर किंवा चूल फुटल्यावर तशाच पडून राहिल्या, कारण साफ कशी करायची आणि डागडुजी कोणी करायची हे सांगायला कोणी परत आलं नाही.

बंद खोलीत कुठलीच चूल नको. कोळशाच्या शेगडीचा धूर दिसत नाही म्हणून थंडीत ती खाटेखाली घेऊन झोपणारे लोक आहेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि निखाऱ्यांतून तो भरपूर निघतो. झोपलेला माणूस उठत नाही.

पैसे देताना

आतली नळी बघा. साधा पातळ पत्रा असेल तर तो जळून भोकं पडतात; स्टेनलेस स्टील किंवा भाजलेल्या मातीचं अस्तर हवं. पंख्याच्या चुलीचा पंखा आणि बॅटरी वेगळी मिळते का, तुमच्या तालुक्याला मिळते का, ते विचारा. ‘कंपनीकडून मागवून देऊ’ म्हणजे नाही. जास्तीची एक जाळी त्याच वेळी विकत घ्या. सगळ्यात आधी जाळीच जाते, आणि जाळी गेली की लाकूड राखेत लोळतं, हवा खालून येत नाही आणि नवी चूल जुनीइतकाच धूर करते.