ड्युरँगोची मेन अव्हेन्यू कशी पाहावी

कोलोरॅडोतील ड्युरँगो हे गाव डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने १८८० साली वसवले, कारण जवळच आधीपासून असलेल्या ॲनिमस सिटीशी तिचे जमले नाही. म्हणून येथील मुख्य रस्ता, म्हणजे मेन अव्हेन्यू, पाहण्यास त्याच्या दक्षिण टोकाच्या रेल्वे स्टेशनापासून सुरुवात करावी आणि उत्तरेकडे चालत जावे. अनेक प्रवासी सिल्व्हर्टन गावाला जाणाऱ्या पर्यटक रेल्वेगाडीसाठी येथे येतात आणि रस्त्याकडे केवळ दुकाने म्हणून पाहतात, हे मला फार खटकते.

चालताना नजर दुसऱ्या मजल्यावर ठेवावी. तळमजल्यावरील काचा, दारे आणि पाट्या दुकानदारागणिक बदलत गेलेल्या असतात, मात्र वरच्या खिडक्यांच्या कमानी, विटांची नक्षी आणि माथ्यावरच्या कठड्यात कोरलेले वर्ष किंवा मालकाचे नाव सहसा मूळचेच राहते. १ जुलै १८८९ रोजी लागलेल्या आगीत गावाच्या मध्यभागाचा मोठा हिस्सा जळाला. त्यामुळे कोणतीही इमारत त्या आगीपूर्वीची की नंतरची, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारावा. लाल विटांचे स्ट्रेटर हॉटेल १८८७ चे, म्हणजे आगीपूर्वीचे आहे, तर रेल्वेचे संस्थापक विल्यम जॅक्सन पामर यांच्या नावाचे हॉटेल १८९८ चे आहे.

दर्शनी भागात बिडाचे खांब असतील तर वाकून त्यांचा तळ पाहावा, कारण ओतकाम करणाऱ्या कारखान्याचे नाव पुष्कळदा तेथेच असते. सेंट लुईसच्या मेस्कर ब्रदर्ससारखे कारखाने असे खांब आणि ठसे उठवलेले पत्रे कॅटलॉगमधून विकत आणि रेल्वेने पाठवत, त्यामुळे पश्चिमेकडील दूरदूरच्या गावांचे चेहरे एकमेकांसारखे दिसतात. मागची गल्लीही टाळू नये. पुढच्या सुबक विटांमागे स्वस्त विटा, बुजवलेली दारे आणि क्वचित फिकट झालेल्या रंगीत जाहिराती तेथेच सापडतात.

शक्य असल्यास आदल्या दिवशी सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्यासाठी काढलेले नकाशे पाहून ठेवावेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर असे नकाशे विनामूल्य पाहता येतात. त्यांत विटांची बांधकामे गुलाबी आणि लाकडी बांधकामे पिवळी रंगवलेली असतात, म्हणून दोन वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की कोणत्या जागी लाकडाऐवजी वीट आली, हे घरूनच हेरता येते आणि प्रत्यक्ष रस्त्यावर नेमक्या त्याच भिंतींपाशी थांबता येते.