ओव्हनमध्ये फुलणारा जर्मन पॅनकेक घरी कसा करावा

‘जर्मन पॅनकेक’ या एकाच नावाखाली दोन निराळे पदार्थ येतात, आणि कृती शोधणाऱ्याची पहिली गल्लत तिथेच होते. त्यातला एक अमेरिकेत रूढ झालेला आहे. तो ओव्हनमध्ये भाजतात, त्याच्या कडा भांड्याच्या भिंतींवर चढून वाटीसारख्या उभ्या राहतात आणि मधला भाग मऊ, किंचित ओलसर राहतो; तिथे त्याला ‘डच बेबी’ असेही म्हणतात. दुसरा जर्मनीतल्या घरांत साध्या तव्यावर होणारा ‘प्फानकूखन’. ‘प्फान’ म्हणजे तवा आणि ‘कूखन’ म्हणजे केक, इतका तो शब्द सरळ आहे. तरीही बर्लिनमध्ये प्फानकूखन मागितला तर जॅम भरलेला तळलेला गोळा समोर येतो, कारण बर्लिनकर पॅनकेकला ‘आयरकूखन’, म्हणजे अंड्यांचा केक, म्हणतात. या लेखात मुख्यतः ओव्हनमधल्या प्रकाराची कृती दिली आहे. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी तव्यावरचा प्रकार शेवटी सांगितला आहे.

‘डच बेबी’ या नावातल्या ‘डच’चा नेदरलँड्सशी संबंध नाही. तो ‘डॉइच’, म्हणजेच ‘जर्मन’, या शब्दाचा बदललेला उच्चार मानला जातो. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कुळांनाही असेच ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हटले जाते. सिअॅटल शहरातल्या मान्का कुटुंबाच्या कॅफेत हे नाव पडले आणि ते घरातल्या एका लहान मुलीच्या तोंडून आले, अशी हकिकत सांगितली जाते. पुढे १९५३ साली ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात सुरू झालेल्या ‘द ओरिजिनल पॅनकेक हाउस’ या उपाहारगृहाच्या पदार्थांच्या यादीत डच बेबी आणि त्याचाच सफरचंद घातलेला भाऊ हे दोघेही मानाने बसले.

कृतीकडे वळण्यापूर्वी हा पॅनकेक फुगतो कशामुळे, हे समजून घेणे फायद्याचे आहे, कारण पुढची प्रत्येक सूचना त्याच एका कारणातून आलेली आहे. यात बेकिंग पावडर नाही, खायचा सोडा नाही, यीस्टही नाही. पातळ पीठ अतिशय तापलेल्या भांड्यात पडते तेव्हा त्यातल्या पाण्याची वेगाने वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,६०० पटींहून अधिक वाढते. ही वाफ पिठाला आतून वर ढकलते. त्याच वेळी अंड्यांतली प्रथिने आणि मैद्यातला स्टार्च उष्णतेने घट्ट होत जातात आणि फुगलेला आकार धरून ठेवतात. गरम तेलात पुरी टम्म फुगते ती याच न्यायाने, आणि ताटात आल्यावर बसते तीही याच न्यायाने. इंग्लंडमधले यॉर्कशायर पुडिंग आणि अमेरिकेतले पॉपओव्हर हे याच पिठाचे नातलग आहेत.

साहित्य आणि भांडे

२५ सेंटिमीटर, म्हणजे १० इंच व्यासाच्या भांड्यासाठी पुढील प्रमाण घ्यावे. त्यात दोन ते तीन माणसांची न्याहारी होते. कवचाशिवाय १५० ग्रॅम भरतील इतकी अंडी, ६५ ग्रॅम मैदा, १२० मिलिलिटर सायीसकटचे दूध, एक मोठा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स, चिमूटभर जायफळ पूड, चिमूटभर मीठ आणि भांड्यात घालण्यासाठी ४० ग्रॅम लोणी. वाढताना वर भुरभुरण्यासाठी पिठीसाखर आणि एक लिंबू लागेल.

अंडी मुद्दाम वजनाने सांगितली आहेत. परदेशी कृतींत ‘तीन मोठी अंडी’ असे लिहिलेले असते आणि तिथले मोठे अंडे कवचाशिवाय साधारण ५० ग्रॅम भरते. आपल्याकडे दुकानात मिळणारी अंडी पुष्कळदा त्याहून लहान असतात, त्यामुळे तीन अंड्यांत पीठ कोरडे पडते आणि पॅनकेक अर्धवटच उठतो. वजनकाटा नसेल तर लहान अंडी चार घ्यावीत. लोण्याच्या बाबतीतही असेच एक पथ्य आहे: बाजारातले पिवळे लोणी बहुधा खारट असते, ते वापरायचे असल्यास पिठात मीठ घालू नये. मैद्याऐवजी कणीक घेतली तर चव चांगली येते, पण कोंड्यामुळे पीठ जड होते आणि फुगवटा कमी मिळतो. फार तर एक तृतीयांश कणीक घ्यावी. अंड्यांना मात्र इथे पर्याय नाही. आकार धरून ठेवण्याचे काम तीच करतात, आणि बिनअंड्याचा जो पदार्थ तयार होईल तो खाण्याजोगा असला तरी जर्मन पॅनकेक नसेल.

भांडे बिडाचे असावे, कारण बीड उष्णता साठवून ठेवते आणि थंड पीठ ओतल्यावरही चटकन निवत नाही. घावन-आंबोळीचा बिडाचा तवा मात्र इथे उपयोगाचा नाही, कारण त्याला पुरेसा काठ नसतो, आणि या पॅनकेकला चढायला किमान ४ ते ५ सेंटिमीटर उंचीची उभी भिंत हवी असते. गोल बुडाच्या कढईत मधोमध पिठाचा जाड थर साचतो आणि तो कच्चा राहतो. तेव्हा सपाट बुडाचा, खोलगट बिडाचा पॅन सर्वांत उत्तम. तो नसल्यास जाड बुडाचे स्टीलचे पसरट भांडे किंवा अॅल्युमिनियमचे केकचे भांडे चालते. भांड्याची मूठ लाकडी किंवा प्लॅस्टिकची नसावी. मुठीसकट पॅन ओव्हनमध्ये मावतो का आणि दार पूर्ण मिटते का, हे ओव्हन थंड असतानाच पाहून ठेवावे. तापलेला जड पॅन हातात घेऊन ही मोजमापे करण्यासारखी नसतात.

पीठ

अंडी आणि दूध अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढून ठेवावे. गार पिठाने तापलेल्या भांड्याची उष्णता खाल्ली तर सुरुवातीचा जोर निघून जातो. आधी अंडी आणि साखर फेटावी, मग चाळलेला मैदा घालून गुठळी न राहील असे घोटावे आणि शेवटी दूध, व्हॅनिला, जायफळ आणि मीठ मिसळावे. सगळे दूध आधीच ओतले तर मैद्याच्या गुठळ्या त्यात तरंगत राहतात आणि मग त्या मोडता मोडत नाहीत. मिक्सरच्या भांड्यात सगळे एकत्र घालून २० ते ३० सेकंद फिरवले तरी काम होते, आणि मला स्वतःला तीच रीत अधिक भरवशाची वाटते. पीठ डोशाच्या पिठापेक्षा पातळ आणि घावनाच्या पिठापेक्षा किंचित दाट असावे. ते झाकून २० ते ३० मिनिटे ठेवावे, म्हणजे मैदा दूध शोषून घेतो आणि वरचा फेसही खाली बसतो.

भाजणे

पीठ मुरत असतानाच रिकामे भांडे ओव्हनच्या खालच्या जाळीवर ठेवून २२० अंश सेल्सिअसवर ओव्हन तापवावा. पंख्याचा ओव्हन असेल तर २०० अंश पुरतात. ओटीजीमध्ये वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड चालू ठेवावेत आणि पॅनकेक वर उठणार आहे हे लक्षात घेऊन भांड्याच्या काठापासून वरच्या रॉडपर्यंत १० ते १२ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी, नाहीतर फुगलेली कड थेट रॉडला टेकून करपते. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे बीड तापले असे समजू नये. आतली हवा लवकर तापते, जड भांड्याला मात्र २० मिनिटे लागतात. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्येही हा पॅनकेक होतो, परंतु धातूचे भांडे फक्त कन्व्हेक्शन प्रकारात आणि सोबत आलेल्या जाळीच्या स्टँडवरच ठेवावे, तसेच त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत धातूच्या भांड्यांविषयी काय म्हटले आहे ते आधी वाचावे.

भांडे पुरते तापले की जाड हातमोजे घालून ते बाहेर घ्यावे आणि त्यात लोणी टाकावे. लोणी काही सेकंदांत वितळून फेसाळते. भांडे फिरवून ते बुडाला आणि काठाला सगळीकडे लागू द्यावे. लोणी आधीपासून भांड्यात घालून ओव्हनमध्ये तापत ठेवणे ही नेहमी होणारी चूक आहे, कारण लोण्यातले दुधाचे कण तेवढ्या वेळात जळून काळे पडतात. ज्यांना ही घाई नको वाटते त्यांनी निम्मे लोणी आणि निम्मे साजूक तूप घ्यावे. तुपात ते कण नसतात, त्यामुळे ते सहजी करपत नाही, आणि वासही सुरेख येतो.

लोण्याचा फेस ओसरू लागताच मुरलेले पीठ एकदा हलवून एकाच धारेत भांड्याच्या मध्यभागी ओतावे. कडेला चर्र आवाज आला तर उष्णता बरोबर आहे. पीठ चमच्याने पसरू किंवा ढवळू नये. लोणी कडेने वर येऊन पिठाभोवती जमते आणि तसेच जमू द्यावे. भांडे लगेच आत ठेवून दार लावावे आणि १८ ते २० मिनिटे भाजावे. पहिली पंधरा मिनिटे दार अजिबात उघडू नये. माझ्या पहिल्या प्रयत्नात दहाव्या मिनिटाला, कडा छान उठलेल्या दिसत असताना, मी कौतुकाने दार उघडले आणि गार हवा आत शिरताच सगळा डोलारा डोळ्यांदेखत खाली बसला. नंतर दार लावून आणखी दहा मिनिटे भाजले तरी तो पुन्हा उठला नाही. आतला दिवा लावून काचेतून पाहावे.

कडा गडद सोनेरी, आणि टोकांना तर तपकिरी, होईपर्यंत थांबावे. फिकट सोनेरी रंगावर मोह आवरला नाही तर कडा कच्च्या राहतात आणि बाहेर येताच लोळतात. कडा लवकर रंगल्या आणि मध्य अजून ओला थरथरत असेल तर पंधराव्या मिनिटानंतर तापमान १८० अंशांवर आणून आणखी ४ ते ५ मिनिटे द्यावीत.

बाहेर काढल्यावर एक-दोन मिनिटांत पॅनकेक खाली बसू लागतो. वाफ निवल्यामुळे हे घडते, त्यात काही बिघडलेले नसते. म्हणून खाणारी माणसे आधी टेबलाशी बसवावीत आणि मग ओव्हनचे दार उघडावे. भांडे टेबलावर जाड लाकडी पाटावर ठेवावे आणि मुठीवर एक कापड गुंडाळून ठेवावे, कारण बिडाची मूठ पुढची पंधरा मिनिटे तरी चटका देण्याइतकी तापलेली असते आणि बोलण्याच्या भरात तिला हात लागतोच.

वाढणे

जुनी रीत अशी की वर लिंबू पिळावे आणि पिठीसाखर सढळ हाताने भुरभुरावी. लिंबाच्या रसात साखर विरघळून मधल्या खळग्यात पातळसा पाक जमतो, आणि त्या आंबटगोड रसाने अंड्याचा उग्रपणा जातो. आपले कागदी लिंबू परदेशी पिवळ्या लिंबापेक्षा लहान पण अधिक आंबट असते. एका पॅनकेकला त्याची अर्धी फोड पुरते. मेपल सिरप किंवा मध घालूनही हा पॅनकेक खातात, पण त्याने कुरकुरीत कडा लवकर मऊ पडतात, म्हणून माझा कौल लिंबालाच आहे.

सफरचंदाचा प्रकार करायचा असेल तर दोन सफरचंदांच्या पातळ फोडी एक चमचा लोणी, दोन चमचे साखर आणि अर्धा चमचा दालचिनी पूड घालून त्याच पॅनमध्ये शेगडीवर चार-पाच मिनिटे परतून घ्याव्यात आणि पॅन गरम असतानाच वरून पीठ ओतून तो ओव्हनमध्ये ठेवावा. त्यासाठी हिरवे आंबट सफरचंद योग्य. काश्मिरी किंवा सिमल्याचे गोड सफरचंद घेतल्यास फोडींवर लिंबू पिळावे. फळांच्या वजनाने हा पॅनकेक कमी फुगतो, ते गृहीत धरावे.

फुगला नाही तर

बहुतेक वेळा दोष भांड्याचा असतो: ते पुरेसे तापलेले नसते. त्याखालोखाल मैदा जास्त पडलेला असतो, कारण वाटी दाबून भरली की तिच्यात सहज २० ग्रॅम मैदा अधिक मावतो. भांडे फार मोठे असेल तर पिठाचा थर पातळ होऊन कडांना चढायला काही उरत नाही. तिन्ही गोष्टी बरोबर असूनही पॅनकेक उठत नसेल तर ओव्हनचा काटा खोटे सांगत असण्याची शक्यता आहे; ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणून एकदा खात्री करावी. बुडाला लोण्याचे छोटे तळे राहिले तर काळजी करू नये, दोन मिनिटांत ते पॅनकेकमध्ये मुरते.

ओव्हन नसल्यास

जर्मन घरांतल्या तव्यावरच्या प्फानकूखनसाठी २५० ग्रॅम मैदा, ४ अंडी, ३७५ मिलिलिटर दूध, १२५ मिलिलिटर बुडबुड्यांचे साधे सोडा वॉटर आणि चिमूटभर मीठ घ्यावे. सोडा वॉटर पीठ मुरल्यावर, तवा तापत असताना, अगदी शेवटी मिसळावे; त्यातल्या वायूने पॅनकेक हलका होतो. तव्यावर मध्यम आचेवर थोडे लोणी घालून एक डाव पीठ ओतावे आणि तवा तिरपा करत २ ते ३ मिलिमीटर जाडीचा थर पसरवावा. वरचा ओलेपणा गेला की उलटावे. एवढ्या पिठात सहा ते आठ पॅनकेक होतात. ते सफरचंदाच्या शिजवलेल्या गराबरोबर किंवा दालचिनी-साखर भुरभुरून खातात. नैऋत्य जर्मनीतल्या श्वाबन भागात उरलेल्या, साखर न घातलेल्या पॅनकेकची गुंडाळी करून तिच्या शेवयांसारख्या बारीक पट्ट्या कापतात आणि गरम, नितळ सूपमध्ये वाढतेवेळी सोडतात. त्या पट्ट्यांना तिकडे ‘फ्लेडले’ म्हणतात. त्या आधीपासून सूपमध्ये टाकून ठेवू नयेत, कारण पाच मिनिटांत त्या फुगून विरतात.