कमी पैशांत लॅपटॉप: कार्यालयातून निघालेले यंत्र पारखून कसे घ्यावे

बारावीनंतरचा प्रवेश निश्चित झाला की अनेक घरांत लॅपटॉपचा प्रश्न उभा राहतो, आणि फी, पुस्तके, खोलीचे भाडे यांतून जे हाती उरते ते बहुधा वीस-पंचवीस हजारांपलीकडे जात नाही. एवढ्या रकमेत नवा कोरा पण दुबळा लॅपटॉप घेण्यापेक्षा, कंपन्यांनी काही वर्षे वापरून बदलून टाकलेला चांगल्या बांधणीचा लॅपटॉप नीट पारखून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यासाठी खरेदीच्या दिवशी दुकानात तासभर तरी बसण्याची तयारी हवी.

अगदी स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा सेलेरॉन या कमी ताकदीच्या वर्गातला प्रोसेसर, ४ किंवा ८ जीबी रॅम आणि ईएमएमसी या संथ प्रकारचे ६४ किंवा १२८ जीबी स्टोरेज असते. रॅम आणि स्टोरेज अनेकदा मदरबोर्डवरच पक्के जडवलेले असतात, त्यामुळे पुढे पैसे हाताशी आले तरी ते वाढवता येत नाहीत. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते, हे लक्षात घेतले तर तेवढ्याच क्षमतेच्या यंत्रात अपडेट आणि विद्यार्थ्याच्या फाइली यांची ओढाताण पहिल्या वर्षीच का सुरू होते हे कळते.

याउलट लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९० किंवा एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही रोजच्या कार्यालयीन वापरासाठी बांधलेली यंत्रे आहेत. तिन्हींमध्ये रॅमसाठी दोन स्लॉट आहेत आणि खालचे झाकण काढले की रॅम, एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान स्टोरेज) व बॅटरी बदलता येते. टी४८० मध्ये तर दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी. मालिका तीच असली तरी रचना तीच असेल असे मात्र गृहीत धरू नये: टी४९० मध्ये काही रॅम पक्की जडवलेली असून एकच स्लॉट मिळतो, आणि दिसायला देखण्या एक्स१ कार्बनमध्ये सगळीच रॅम पक्की असते.

बाजारात सर्वाधिक फसगत होते ती ‘आय फाइव्ह आहे’ या एका वाक्यावर. आय फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचे नाव २०१२ च्या यंत्रावरही असते आणि परवाच्याही, म्हणून त्यापुढचा आकडा वाचल्याशिवाय किमतीची बोलणी सुरूच करू नयेत. आय फाइव्ह ७२००यू म्हणजे सातवी पिढी, ८२५०यू म्हणजे आठवी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन अंक पाहावेत, म्हणजे १०२१०यू ही दहावी आणि ११३५जी७ ही अकरावी. सातवी आणि आठवी यांतला फरक नुसता एका वर्षाचा नाही. ७२००यू मध्ये दोन कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत आणि ८२५०यू मध्ये चार, आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ ची अधिकृत पात्रताही जवळपास आठव्या पिढीपासूनच सुरू होते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे ही सीमारेषा आता फार महत्त्वाची झाली आहे. सातव्या पिढीचे यंत्र दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळत असले तरी ते सोडून द्यावे. इंटेलऐवजी एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचे यंत्र समोर आले तर रायझन ५ ३५००यू किंवा त्यानंतरचा प्रोसेसर पाहावा. आकड्यासाठी बाहेरच्या स्टिकरवर भरवसा न ठेवता सेटिंग्जमधील ‘अबाउट’ हे पान स्वतः उघडावे.

रॅम ८ जीबी असावी आणि एक स्लॉट मोकळा असेल तर उत्तम. टॅली, एक्सेल, ऑनलाइन तासिका, सी किंवा पायथनचे वर्ग यांना एवढी पुरते. मोबाइल ॲप बनवण्याचा अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह (पडद्यावरच्या आभासी फोनसह) चालवायचा असेल तर मात्र १६ जीबी लागेल. एसएसडी २५६ जीबीची असली तरी चालेल, पण हार्ड डिस्कवर विंडोज चालणारे यंत्र कितीही स्वस्त असले तरी तसेच घरी आणू नये.

आता प्रत्यक्ष तपासणी. सर्वांत आधी बॅटरी पाहावी, कारण जुन्या लॅपटॉपमध्ये सर्वाधिक झिजलेला भाग तोच असतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ आणि त्यापुढे एक जागा सोडून तिरप्या रेषेसह ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजी अक्षरांत टाइप केले की एक अहवाल तयार होतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे एकाखाली एक दिसतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० असेल तर बॅटरीची साठ टक्केच ताकद उरली आहे. अशा वेळी नव्या बॅटरीची किंमत व्यवहारातून वजा करून मागावी.

त्यानंतर झाकण हळूहळू उघडमीट करून बिजागर सैल आहे का, कडेचे प्लास्टिक उचलले जाते का हे पाहावे. पडदा पूर्ण पांढरा करून डाग शोधावेत. नोटपॅडमध्ये एकूण एक कळ दाबावी, प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह लावून पाहावा, कॅमेरा व माइक तपासावेत. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरावे. तिथे पासवर्ड मागितला गेला तर यंत्र घेऊ नये, कारण पुष्कळ कार्यालयीन मॉडेलांत तो काढणे अतिशय जिकिरीचे असते. विंडोज नव्याने बसवून इंटरनेट जोडल्यावर एखाद्या कंपनीच्या नावाचे लॉगिन पान आले, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे असे समजून तेही नाकारावे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अशा यंत्रांची दुकाने शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे एकाच मॉडेलचा भाव तीन-चार ठिकाणी विचारून ठरवता येतो. गावाकडच्या वाचकांनी निव्वळ छायाचित्र पाहून पैसे पाठवू नयेत. पक्के जीएसटी बिल, त्यावर सिरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. ‘आपल्याच ओळखीतले आहेत’ म्हणून कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार करू नये. बिलावरचा नंबर यंत्राच्या तळाशी असलेल्या नंबराशी तिथेच पडताळून पाहावा.

विंडोजची प्रत खरी आहे का हे सेटिंग्जमधील ‘ॲक्टिव्हेशन’मध्ये पाहावे, आणि दुकानदाराने फुकट टाकून दिलेले क्रॅक केलेले ऑफिस काढून टाकावे, कारण अशा फाइलींतून घातक सॉफ्टवेअर शिरण्याचा धोका असतो. त्याऐवजी लिबरऑफिस विनामूल्य वापरता येते, आणि महाविद्यालयाने ईमेल दिला असेल तर त्यावर मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन ऑफिस मिळते का हे तिथे विचारावे. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

ठरवलेल्या रकमेतले दोन-अडीच हजार मात्र पहिल्या दिवशी खर्चू नयेत. महिन्या-दोन महिन्यांत चार्जर किंवा बॅटरी बदलावी लागली, अथवा मोकळ्या स्लॉटमध्ये रॅम घालावीशी वाटली, तर ते पैसे त्यासाठी हाताशी असावेत.