तेरियाकी चिकन काड्यांवर: सॉस लावायची वेळ सांभाळा

आपल्याकडे कबाब म्हटलं की आधी मुरवण. तेरियाकी म्हणजे सोया सॉसचा गोडसर जपानी सॉस लावून भाजलेलं मांस. त्याच्या बाबतीत ती सवय बाजूला ठेवावी लागते. या सॉसमध्ये साखर असते. चिकन त्यात तासभर मुरवून विस्तवावर धरलं, तर मांस शिजायच्या आत वरून करपतं. जपानी याकितोरीवाले (काडीवर चिकन भाजून विकणारे) काडी आधी कोरडीच भाजतात आणि सॉस शेवटी लावतात. आपणही तसंच करू.

सॉसपासून सुरुवात करा, कारण तो गार व्हायला वेळ लागतो. १०० मिली सोया सॉस, तेवढीच मिरिन (स्वयंपाकातली गोड जपानी तांदळाची दारू), ५० मिली साके (जपानी तांदळाची दारू) आणि दोन मोठे चमचे साखर मंद आचेवर उकळा. दहा-पंधरा मिनिटांत तो चमच्याच्या पाठीला धरू लागेल, तेव्हा उतरवा; गार झाल्यावर आणखी दाटतो. मिरिन आणि साके नसतील तर १०० मिली पाणी आणि आणखी दोन चमचे साखर घाला. चव थोडी सपाट होते, पण चालते. मीठ अजिबात नको. डार्क सोया मात्र टाळा. त्याने सगळं काळंकुट्ट होतं. आलं-लसूण ऐच्छिक. अमेरिकेत सिएटलला तोशी कासाहारा यांनी १९७६ साली तेरियाकीचं दुकान काढलं आणि तिथे या पदार्थाची वेगळीच परंपरा रुजली. आलं-लसणाचा सॉस आवडत असेल तर तो त्या वळणाचा समजा.

चिकन अर्धा किलो, मांडीचं, बिनहाडाचं. चिकनवाल्याला कातडी ठेवायला सांगा. छातीचा भाग कोरडा पडतो, तो घेऊच नका. अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा. तुकडे एकमेकांना चिकटवून ओवा, मध्ये पातीच्या कांद्याचा पांढरा भाग घाला. नेगी, म्हणजे जपानी पातीचा कांदा, जाड असतो. आपला कांदा बारीक, म्हणून दोन-तीन दांडे एकत्र ओवा.

आता भाजणं. याकितोरीच्या भट्टीला जाळी नसते. काड्या दोन लोखंडी दांड्यांवर टेकतात, मांस थेट निखाऱ्यांवर येतं आणि रिकामं टोक आगीबाहेर राहतं. घरच्या शेगडीवर दोन्ही बाजूंना विटा ठेवल्या की तेच साधतं. कोळसा पेटून राखेचा पातळ थर आला पाहिजे. ज्वाळा असताना घाई करू नका. शेगडी नसेल तर बिडाचा तवा चांगला तापवा, तेलाचा हात फिरवा. कातडीची बाजू आधी खाली, मग दर दोनेक मिनिटांनी काडी फिरवत राहा. आठ-दहा मिनिटांत चिकन जवळपास शिजतं.

मगच सॉस. त्यातला अर्धा आधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवा. उरलेला ब्रशने लावा, अर्धा मिनिट भाजा, उलटा, पुन्हा लावा. असे तीन हात दिले की चकाकी येते. सॉस बुडबुडू लागला की ठीक, धूर काळा दिसला तर काडी लगेच बाजूला घ्या. सगळ्यात जाड तुकडा कापून पाहा: आत गुलाबी छटा नको, रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस.

काढून ठेवलेला सॉस वरून सोडा. चिकनला लावलेला ब्रश त्यात बुडवायचा नाही आणि त्या ब्रशाच्या वाटीतला उरलेला सॉस टाकून द्यायचा. सोबत गरम भात आणि लिंबाची फोड.